नववं कलम

पक्षाचं ठेवीदार-संरक्षणाचं धोरण मसुदामास्तरांनी आठव्यांदा लिहून काढलं, आणि पत्रकार परिषदेत ते वाचून दाखवायचं काम अध्यक्षबाईंनी मास्तरांच्या साडूला दिलं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं पक्षाचं एकूण एक पत्रक त्यांनी लिहिलं होतं, पण व्यासपीठावरची खुर्ची काही त्यांच्या वाट्याला आली नव्हती. साडूला पक्षात येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. त्याचं भांडवल काय, तर भारदस्त आवाज आणि एक करडा कोट.

बरं, दुखणं तेवढ्यावरच थांबत नव्हतं. साडूने आपले पैसे एका चकचकीत फायनान्स कंपनीत ठेवले होते, चौदा टक्क्यांनी. त्या व्याजातून त्याच्याकडे आधी सोफा आला, मग गाडी. मास्तरांची बायको बहिणीकडून परतली, की जेवण होईपर्यंत सोफ्याचंच कौतुक चाले. मास्तर तिला ऐकवत, की हिशेब न दाखवता एवढं व्याज देणाऱ्यांपासून लांब राहावं, आमच्या धोरणात तिसरं कलमच आहे तसं. आणि हे ऐकवणाऱ्या मास्तरांनीच सात महिन्यांपूर्वी, कुणाला पत्ता लागू न देता, निवृत्तीची सगळी रक्कम त्याच कंपनीत नेऊन ठेवली होती. साडू पुढे गेलेला त्यांना बघवत नव्हता, दुसरं काय!

आता त्यांना नववं कलम सुचलं. या विषयावर पक्षाच्या वतीने बोलणाऱ्याने स्वतःची ठेव कुठे आहे, हे आधी जाहीर करावं. साडू कंपनीचं नाव घेणार, तोंडघशी पडणार आणि खुर्ची रिकामी होणार. मात्र त्याआधी आपली ठेव काढून घ्यायला हवी, एवढी अक्कल मास्तरांना होती. शुक्रवारी ते कंपनीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज घेतला, पोच दिली, चहा पाजला आणि सोमवारी सकाळी चेक न्यायला बोलावलं. मास्तर निश्चिंत झाले. शनिवारी त्यांनी कलम मांडलं. अध्यक्षबाई इतक्या खूश झाल्या, की सोमवारच्या परिषदेची सुरुवातच त्या कलमाने करायची असं त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी कंपनीच्या दाराला कुलूप होतं. बाहेर पावत्या हातात घेतलेली शे-दोनशे माणसं उभी होती. कुणी दार बडवत होतं, कुणी नुसतंच रडत होतं. मास्तर पायरीवरच बसले. आणि खरं सांगायचं तर, तिथे बसल्या बसल्या एकाच विचाराने त्यांना जरा धीर आला, तो म्हणजे साडूचेही गेले. घरी आल्यावर कोट खुंटीला अडकवून, डोकं दुखतंय असं सांगून ते दुपारपर्यंत पडून राहिले.  दोघांना परिषदेला जायचं म्हणून बायकोने त्यांचा कोट झटकून ठेवला.

चार वाजता साडू बोलायला उभा राहिला. मास्तर पहिल्या रांगेत सरसावून बसले.

"नवव्या कलमाप्रमाणे सांगतो," साडू म्हणाला. "आज सकाळी जी कंपनी बंद पडली, तिच्यातच माझी ठेव होती. पण दोन महिन्यांपूर्वी मास्तरांचा मसुदा माझ्या हाती आला. तिसरं कलम वाचलं आणि मला घाम फुटला. दुसऱ्याच दिवशी सगळे पैसे काढले आणि सरकारी बँकेत टाकले. मास्तर, तुमच्यामुळे मी वाचलो."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनीही टाळ्या वाजवल्या, पण त्यांचे तळवे काही एकमेकांवर नीट पडेनात. तेवढ्यात एका वार्ताहराने विचारलं, की धोरण ठीक आहे, पण प्रत्यक्ष बुडालेला ठेवीदार तुमच्याकडे कुणी आहे का? अध्यक्षबाई इकडे तिकडे बघू लागल्या.

"आहे ना," मागच्या रांगेतून मास्तरांची बायको उठली. तिच्या हातात कोटाच्या खिशातली पोच होती. "आमचे हे."

अध्यक्षबाईंनी मास्तरांना हाताला धरून वर नेलं. साडूने उठून आपली मधली खुर्ची त्यांना दिली. या खुर्चीत बसल्यावर काय बोलायचं, हे मास्तरांनी वीस वर्षं घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. तुमची मागणी काय, असं वार्ताहराने विचारल्यावर त्यांनी माइक जवळ ओढला. "ठेवींना विमा हवा," ते म्हणाले. "वर्षातून दोनदा तपासणी हवी. आणि हिशेब दारावर लावलेला हवा, म्हणजे माझ्यासारख्यालासुद्धा दिसेल." हे सगळं त्यांनी आठ वेळा लिहिलं होतं. ते खरोखर आपल्यासाठी आहे, हे त्यांना आज कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर मास्तर झळकले. साडूची फक्त करडी बाही आली होती. सकाळीच त्याचा फोन आला. आधी त्याने पैशांची चौकशी केली, धीर दिला. मग जरा घुटमळून म्हणाला, "मास्तर, तीन वर्षं झाली मला पक्षात, पण एवढा मोठा फोटो नाही हो आला माझा कधी."

तो सूर मास्तरांनी ताबडतोब ओळखला. फोन ठेवून ते कितीतरी दिवसांनी हसले आणि बायकोला म्हणाले, "अगं, कात्री दे जरा."

तिने कात्री आणून समोर ठेवली. "नीट कापा," ती म्हणाली. "तेवढंच हाती लागलंय."