वाळवंटासाठी फिल्टर

डॉक्टरांनी मोटरसायकलचा एअर फिल्टर बदलायचं ठरवलं, तेव्हा ती गाडी घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर याखेरीज कुठेही गेलेली नव्हती. दिसायला मात्र अशी, की मालक आत्ताच एखादं वाळवंट पालथं घालून आलाय असं वाटावं. उंच, रुंद, पुढे चोच, दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या. एका पेटीत डॉक्टरांचा जेवणाचा डबा असायचा, दुसरीत छत्री. डॉक्टर दातांचे होते आणि उंचीने बेताचे. सिग्नलला थांबले की त्यांचा एकच पाय जमिनीला लागायचा, तोही अंगठ्यापुरता.

त्यांची बायको घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. गाडीबद्दल बाईंचं मत एका शब्दात मावण्यासारखं होतं, पण तो शब्द शिकवणीच्या मुलांसमोर उच्चारण्यासारखा नव्हता. तरीही या रविवारी डॉक्टरांनी त्याच गाडीवर बसून दिवसभर कुठेतरी जावं, अशी बाईंची मनापासून इच्छा होती. बाईंची आई राहायला आली होती आणि सोमवारी परत जाणार होती. शिकवण्यांच्या धबडग्यात मायलेकींना धड चार शब्द बोलता आले नव्हते. उरला होता एक रविवार.

योगही जुळून आला होता. डॉक्टरांची मोटरसायकलवाल्यांची एक टोळी होती. तिचा म्होरक्या स्वतःला कप्तान म्हणवून घेई. पोटासाठी तो विमा विकायचा. रविवारी डोंगरापलीकडच्या तळ्यावर जायचं त्याने जाहीर केलं आणि वर बजावलं, "रस्ता भयानक आहे. धुळीचे लोट असतात. गाड्या तयार ठेवा."

झालं. डॉक्टरांनी धूळ हा शब्द धरून ठेवला. कागदाचा फिल्टर, कापडाचा फिल्टर, फोमचा फिल्टर, यांपलीकडे त्यांना जग उरलं नाही. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात आरसा घालून ते विचारत, "तुम्हाला काय वाटतं, कागदाचा की फोमचा?" पेशंट म्हणे, "आँ." डॉक्टर म्हणत, "अगदी बरोबर. फोमचाच."

शनिवारी त्यांनी गाडी खोलली. फिल्टर टाकीखाली, त्यामुळे आधी सीट निघाली, मग बाजूची झाकणं, मग टाकी. अंगणात धूळ बसेल म्हणून सगळं दिवाणखान्यात आलं. स्क्रू चहाच्या बशांमध्ये गेले. शेवटी जुना फिल्टर बाहेर आला आणि डॉक्टर तो उलटसुलट करून पाहू लागले. फिल्टर पांढराशुभ्र होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. वरवर स्वच्छ दिसतोय, एवढंच. धूळ आतून असते."

"मग झटका की जरा. बघू तरी."

डॉक्टरांनी तो जमिनीवर आपटला. काही पडलं नाही. दुसऱ्यांदा आपटला. एक मुंगी पडली, ती चालत निघून गेली.

"बदलून टाका हो लवकर," बाई म्हणाल्या. "केवढी ती मुंगी!"

डॉक्टरांना ते झोंबलं. त्यांनी तो फिल्टर उचलला आणि दाराशी आलेल्या कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने फेकून दिला. असल्या माणसांचा निर्धार असाच असतो. जिथे नको तिथे ठाम.

फोमच्या फिल्टरला तेल लावावं लागतं. किती, ते बाटलीवर लिहिलेलं होतं. पण बाटलीवरचा मजकूर भित्र्या लोकांसाठी असतो असं डॉक्टरांचं मत पडलं, आणि त्यांनी फिल्टरला अख्खी बाटली पाजली. तो भिजलेल्या पावासारखा फुगला. गाडी जोडून चालू केली, तशी ती खोकली, पांढरा धूर ओकली आणि निपचित पडली. शिकवणीची पोरं खिडकीला लोंबकळून हसू लागली.

"श्वास कोंडलाय तिचा," डॉक्टर म्हणाले.

"आमचाही," बाई म्हणाल्या आणि खिडक्या लावल्या.

गाडी पुन्हा खोलली. तेल काढायला डॉक्टरांनी फिल्टर साबणाने धुतला, पिळला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवला. त्यांच्या नशिबाने त्याच संध्याकाळी सासूबाईंनी दूध करपवलं.

सकाळी डॉक्टर फिल्टर शोधत आले. तो ओट्यावर होता. काळाकुट्ट, एका बाजूने फाटलेला, मध्ये दोन भोकं.

"आई, हे काय केलंत तुम्ही?"

"घासणी ना तुमची? आणलीत एवढीशी, पण दणकट हो," सासूबाई म्हणाल्या. "पातेल्याचं बूड असं लख्ख निघालं! आणखी आणून ठेवा जावईबापू."

डॉक्टरांनी फिल्टर उचलून पाहिला. जुना फिल्टर कचऱ्यात, नवा हा असा, आणि बाहेर चार मोटरसायकली गुरगुरत येऊन थांबल्या. बाईंनी ओळखलं, हा माणूस आज जात नाही!

कप्तान आत आला. गुडघ्यांना ढाली, हातात हेल्मेट, आणि त्याच्यामागे तसलेच तिघे. डॉक्टरांच्या हातातली ती काळी चिंधी पाहून तो जागीच थबकला. त्याने ती दोन बोटांनी उचलून उजेडात धरली.

"फिल्टर आहे हा?"

"होता," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले.

"बघा रे! फोम फाटलाय! डॉक्टर, तू एकटाच तळ्याच्या रस्त्याने जाऊन आलास की काय?"

डॉक्टरांनी मान वर केली. मग त्यांनी दूरवर, म्हणजे फ्रिजकडे, नजर लावली. "त्याबद्दल न बोललेलंच बरं," ते म्हणाले.

टोळीवर अवकळा पसरली. फोमची ही गत, आणि बाकी सगळ्यांचे फिल्टर कागदाचे! एकाला मुलांची आठवण झाली, दुसऱ्याला गाडीच्या हप्त्यांची. कप्तानाने घसा खाकरला. "शहाण्या माणसाने कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे," तो म्हणाला, आणि सोफ्यावर बसून गुडघ्यांच्या ढाली सोडू लागला. "वहिनी, चहा टाका. आज आपण फिल्टरवर नीट चर्चा करू."

बाईंनी चहा टाकला. पोह्यातला खडा दाताखाली यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. सगळं खरं सांगून टाकावं असं त्यांच्या जिभेवर आलं. पण सांगून हे उठणार थोडेच, उलट डॉक्टरांची समजूत काढत रात्र करतील. तेवढ्यात आई कानाशी लागली.

"ते तळं म्हणतायत ना, तिथे बस जाते का गं?"

बाईंनी गॅस बंद केला.

बस डोंगर चढत असताना फोन वाजला.

"अगं, आहात कुठे तुम्ही दोघी? आणि चहा अर्धाच?" डॉक्टर विचारत होते. मागून कापडाच्या फिल्टरवरून भांडण ऐकू येत होतं.

"तळ्यावर चाललोय."

डॉक्टरांनी ही बातमी टोळीला सांगितली. मग डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, "त्या रस्त्याने? धूळ किती आहे गं? कप्तान विचारतोय."

बाईंनी बाहेर पाहिलं. नवाकोरा डांबरी रस्ता, मधोमध पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना ओली हिरवी झाडं. पुढून सायकलवर एक म्हातारे गृहस्थ शीळ घालत उतरत होते.

"भयंकर आहे हो," बाई म्हणाल्या. "हातभरावरचं दिसत नाही. अंधार पडेपर्यंत तुमच्यापैकी कोणी घराबाहेर पाऊल टाकू नका."

फोन बंद करून त्यांनी पर्सच्या तळाशी टाकला आणि आईकडे वळल्या. "हं, आता बोल. मावशीचं काय झालं म्हणत होतीस?"