गोकर्णवारीसाठी कपलिंग निवड समिती

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, कपलिंग निवड समितीची पहिली बैठक बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर रीतसर भरली. अध्यक्ष पद्माकरराव, सरकारी कारखान्यातले निवृत्त अभियंते. सचिव त्यांचा मुलगा मुकुल, ज्याने नवीकोरी पिकअप घेतली होती. पत्नी कल्पनाताई लाभार्थी, म्हणून त्यांच्याकडे चहाचं खातं.

पिकअपमागे जोडायचं चाकांवरचं घर देवनहळ्ळीत तयार उभं होतं. कल्पनाताईंनी त्यात कुकरसुद्धा ठेवला होता. राहिलं होतं ते फक्त पिकअपच्या हौद्यात बसवून घराची मान पकडणारं फिफ्थ-व्हील कपलिंग.

"अहो, जूनमध्ये माझे गुडघे बदलायचेत. त्याआधी एकदा स्वतःच्या गुडघ्यांवर गोकर्णच्या समुद्रात उभं राहायचंय. बाकी काही नको."

"अगं, जून लांब आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि तसं इतिवृत्तात लिहूनही घेतलं.

शहरातल्याच शिवाजीनगरच्या जयतीर्थअण्णा मेकॅनिकने एका नजरेत निकाल दिला. "सर, हौदा आखूड आहे. मागेपुढे सरकणारं कपलिंग घ्या. स्वल्प भोकं पाडतो, संध्याकाळी गाडी न्या."

"भोकं? नव्या गाडीला? लेखी द्या!" अध्यक्ष म्हणाले.

अण्णांनी बिचाऱ्यांनी दिलं. पण नियमाला तीन प्रस्ताव लागतात. दुसरा मुकुलने आणला. तिसरा काही केल्या येईना, तेव्हा आधीचे दोन्ही रद्द करून नव्याने मागवले.

मार्चमध्ये वळणचाचणी झाली. वळताना घराचा कोपरा केबिनला घासतो का, हे बघायला हौद्यात घराऐवजी दिवाण बांधून पिकअप रिंग रोडवर काढली. अडीच तास गाडी सिग्नलपाशीच उभी. वळणच आलं नाही, सबब चाचणी अनिर्णित.

मे महिन्यात एकदाचे तीन प्रस्ताव जमले. पद्माकररावांनी सहीला पेन उघडलं, तेवढ्यात मुकुल म्हणाला, "बाबा, कंपनीने पिकअपचं नवं मॉडेल काढलंय." फायलीवर विषय होता, 'नव्या पिकअपसाठी कपलिंग'. आपली पिकअप आता नवी कुठे राहिली? अख्खी फाइल बाद!

पद्माकररावांना बायकोचा चेहरा आठवला. त्यांनी तातडीची बैठक बोलावली. कल्पनाताई आल्या नाहीत. चहाही आला नाही. फोनवर फोटो तेवढा आला. मैत्रीण वासंतीबरोबर त्या साध्या बसने गोकर्णला पोचल्या होत्या. साडी वर खोचलेली, गुडघाभर पाणी, आणि खाली एकच ओळ: 'सरी, ठीक आहे. तुमचं चालू द्या.'

पद्माकररावांना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि नोंद केली: लाभार्थी विनापरवानगी गैरहजर.

हसताय ना? हसा. 'जरा दोन रिव्ह्यू वाचतो, मग ठरवू' असं तुम्ही घरात म्हणालात, त्याला किती महिने झाले? ज्या माणसाला म्हणालात, ते अजून घरात आहे का, तेवढं उठून बघून या.