तलावाच्या सामानापाशी

सावरदऱ्याच्या तलावाला गुरुवारी सुट्टी असते, आणि सुट्टीच्या दिवशी तो डोंगर चढायला जातो.

उद्यानाच्या फाटकावर तशी पाटीच आहे: ‘गुरुवारी बोटिंग बंद. तलाव डोंगरावर.’ आम्ही बुधवारी दुपारी पोचलो तेव्हा ती वाचली होती, पण फिरायला आलेला माणूस पाट्या फक्त वाचतो, लक्षात ठेवत नाही. त्या दिवशी आम्ही वल्ह्यांची बोट चालवली, काठावर तंबू ठोकला, चुलीवर पिठलं केलं. तलावाची वागणूक फार चांगली होती. शुभदाने, म्हणजे माझ्या बायकोने, जन्मात पहिल्यांदा वल्हं हातात धरलं होतं, तरी त्याने तिला एकदाही जागच्या जागी गरगर फिरवलं नाही.

आमच्याबरोबर मंदाआत्या होती. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. आमच्या घराण्यात सहल कुठेही गेली की ‘सामानापाशी कोण बसणार?’ असं कुणीतरी विचारतं आणि उत्तराची वाट न बघता सगळे चालू लागतात, कारण आत्या असतेच. शाळेच्या सहलींनाही तेच. गड, लेणी, दीपगृह, सगळं तिने पायथ्यावरून पाहिलंय, चपला आणि डब्यांच्या पिशव्या राखत. वर्गात मात्र डोंगरमाथ्यावरून काय दिसतं ते ती इतकं छान सांगायची की मागच्या बाकावरची मुलंही गप्प बसायची. या वेळी निघताना ती म्हणाली, “एकदा टेंभ्यावरून पलीकडचं बघायचं होतं रे.” टेंभा म्हणजे तलावामागचा डोंगर. स्वतःसाठी तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी लगेच हो म्हणालो. तिच्या गुडघ्यांचं काय करायचं, हे मात्र मला सुचत नव्हतं.

गुरुवारी सकाळी आमचा चहा होतो न होतो तोच तलाव उठला. बाईने निऱ्या सावरून उभं राहावं तसे त्याने आधी चारी बाजूंचे काठ गोळा केले, मग मधलं खोल पाणी उचललं, आणि बोटी, बदकं, मासे सांभाळत पायवाटेला लागला. मागे ओला चिखल, बऱ्याच एकेकट्या चपला आणि कुणाचा तरी चष्मा राहिला. इतकं पाणी चाललं होतं, पण आमच्या तंबूवर एक थेंब उडाला नाही. मला त्याचा फार आदर वाटला.

त्याला निरोप द्यायला उद्यान अधिकारी गुरवबाई आल्या होत्या. त्यांनी हात जोडून “ये हं” म्हटलं. तलावाला ‘जा’ म्हणायचं नाही, असा तिथे नियम आहे. मागे एक पाहुणा सवयीने ‘जा आता’ म्हणाला, ते तलावाने मनाला लावून घेतलं आणि तो थेट शनिवारी परतला.

मी गुरवबाईंना विचारलं की आत्याला बोटीत बसवून वर नेता येईल का. त्यांनी शांतपणे समजावलं. रजेवरच्या तलावाकडून प्रवासी वाहून घेणं म्हणजे त्याला कामाला लावणं, आणि तसं करता येत नाही. पायी त्याच्यासोबत कुणीही जावं. मग त्या हळहळल्या, की खरं तर तो स्वतःही कधी माथ्यावर पोचलेला नाही. शेवटची चढण अरुंद आहे, मासे आणि बोटी घेऊन तिथून जाता येत नाही. तिच्या अलीकडे बैठक नावाचं पठार आहे, तिथल्या कातळात पाण्याचं टाकं आहे. मासे त्यात ठेवता येतील, पण बगळे टपलेले असतात. त्यामुळे दर गुरुवारी तो बैठकीपर्यंत जातो, वर बघतो आणि परत येतो.

“सामानापाशी बसायला कुणी नाही ना,” त्या म्हणाल्या.

“मी बसते की,” आत्या म्हणाली.

गुरवबाईंनी विचार केला. सामान राखणारी बाई प्रवासी ठरत नाही, ती सोबत ठरते. सोबतीला हरकत नव्हती. त्यांनी पुढच्या वळणावर तलावाला थांबवलं आणि आत्याला लाइफ जॅकेट घालून एका पिवळ्या बोटीत बसवलं. निम्मा डोंगर तरी चढायला मिळतोय, एवढ्यावरच ती खूश होती. माझं मन मात्र चुकचुकलं. बाई जन्मात पहिल्यांदा डोंगरावर निघाली, तीही सामान राखायला.

आम्ही आणि गुरवबाई मागून चालू लागलो. मी या सहलीसाठी नवे बूट घेतले होते. तलावाला बूट नव्हते, पण त्याचं चालणं पाहण्यासारखं होतं. उतरणारी माणसं दिसली की तो डावीकडे अंग चोरून उभा राहायचा. दम लागला की कारवीच्या सावलीत पसरायचा आणि आत्याची बोट हलू नये म्हणून श्वास हळू घ्यायचा. एरवी डोंगरात माणसं मोठमोठ्याने गाणी लावून चालतात, त्यांनी याच्याकडून पुष्कळ शिकण्यासारखं आहे.

बैठकीवर पोचल्यावर त्याने मासे टाक्यात सोडले, बदकांना कातळावर बसवलं, बोटी एकीला एक लावून ठेवल्या. आत्या उतरली, टाक्याच्या कडेला रुमाल अंथरून बसली आणि पिशवीतून खारे शेंगदाणे काढले. बगळे लांबून बघत होते. आता तलाव निघणार म्हणून मी बुटाच्या नाड्या आवळल्या.

तलाव निघाला नाही.

आत्याने त्याला सांगितलं की मी आहे, तू नि:शंक पुढे हो. तो तिच्या पायांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. शुभदाचं लक्ष गेलं की त्याने सगळ्या बोटी उतरवल्या होत्या, पण पिवळी उतरवली नव्हती. ती त्याने आत्याच्या समोर आणून धरली होती.

आम्ही गुरवबाईंकडे पाहिलं. नियम त्यांचा होता. त्यांनी माथ्याकडे पाहिलं.

“तो रजेवर आहे, म्हणजे आत्ता तो खाजगी गृहस्थ आहे,” त्या म्हणाल्या. “खाजगी गृहस्थाने फिरायला जाताना कुणाला बरोबर न्यावं, यात कार्यालय पडत नाही.”

“अहो, पण सामानापाशी कोण बसणार?” आत्याने विचारलं.

आमच्या घराण्यात या प्रश्नानंतर सगळे चालू लागतात. मीही सवयीने एक पाऊल टाकलं होतं. शुभदा माझ्या नव्या बुटांकडे बघत होती. तलाव कुणाकडेच बघत नव्हता, नुसता थांबला होता, आणि त्याला अजिबात घाई नव्हती.

“मी बसतो,” मी म्हणालो.

आत्याला हे पटायला वेळ लागला. तुला जमेल का, बगळे लबाड असतात, एकाकडे बघितलं की दुसरा मागून येतो, बदकांना शेंगदाणे घालू नकोस, असं सगळं सांगून ती बोटीत बसली. शुभदा आणि गुरवबाई बाजूने चालू लागल्या. हलका झालेला तलाव त्या अरुंद चढणीला लागला. पाणी वर चढताना मी कधी पाहिलं नव्हतं. बारीक होत, कातळाला धरून, पिवळी बोट अलगद पुढे करत तो वर गेला आणि माथ्याआड दिसेनासा झाला.

मग मी सामानापाशी बसलो. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. बगळे खरोखरच मागून येतात. मी रुमाल फडकावत, टाक्याभोवती फिरत राहिलो, आणि ऊन कलेपर्यंत मान वर करायला फुरसत मिळाली नाही.

तलाव खाली आला तेव्हा पूर्वीपेक्षा निळा वाटत होता. आत्या उतरली, आधी टाक्यात डोकावली, मासे जागेवर आहेत हे पाहून तिने मान डोलावली. मग माझ्याशेजारी बसली. तिचे केस वाऱ्याने पार विस्कटले होते आणि ती ते सारखे करत नव्हती.

“काय काय दिसलं?” मी विचारलं.

“पलीकडे नदी आहे. नकाशात दाखवतात तशीच वळते.” तिने आपला रुमाल माझ्याकडून परत घेतला. “आणि तू दिसत होतास. वरून सामानापाशी बसलेला माणूस सगळ्यांत आधी दिसतो रे. मला वाटायचं, वरच्यांना आपण दिसत नसू.”

“मग हात तरी करायचास.”

“केला की. दोन्ही हात केले. तू बगळ्यांकडे बघत होतास.” तिने उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. “मीही चपलांकडेच बघत बसायचे.”

तलाव तोवर टाक्यातले मासे भरून घेत होता. अंधार पडायच्या आत तो आपल्या जागी येऊन नीट पसरला, आणि शुक्रवारी सकाळी बोटिंग वेळेवर सुरू झालं.