खांबेटे काकांची वसाहत
जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी कुकर आणि पोळपाट सांभाळत लिफ्टमध्ये उभी होते. तेवढ्यात मफलर गुंडाळलेले एक टकले गृहस्थ आत शिरले. पोळपाट बघून मी मराठी आहे हे त्यांनी ओळखलंच. आता माणूस काय विचारेल? गाव कुठलं, आडनाव काय. यांनी विचारलं, "व्हर्जिनिया की न्यू इंग्लंड?"

मी म्हटलं, "नाही हो, पिंपरी-चिंचवड."

खांबेटे काका हसले नाहीत. या विषयात ते कधीच हसत नाहीत. वर पोचेपर्यंत त्यांनी मला सगळं समजावलं. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज अमेरिकेत गेले ते दोन तऱ्हांनी. व्हर्जिनियात गेले ते बहुतेक एकटे पुरुष, पैसा करायला. न्यू इंग्लंडात गेले ते देवधर्म, बायकापोरं सगळं घेऊन, कायमचे.

"देव आणलेस का?"

"आणलेत ना. कणकेच्या डब्यात आहेत."

"आणि नवरा?"

"तो खाली टेम्पोवाल्याशी भांडतोय."

"मग न्यू इंग्लंड!" असा शिक्का मारून काका आपल्या दारात शिरलेसुद्धा.

काका गाड्यांच्या कंपनीत गिअरबॉक्सवाले. इतिहासाशी संबंध शून्य. एका हिवाळ्यात वेळ जाईना म्हणून लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि हे वेड लागलं ते लागलंच.

आमचं मराठी मंडळ ही त्यांच्या लेखी वसाहत. व्हर्जिनियात प्रार्थना चुकवली की त्या दिवसाचा शिधा बंद, म्हणून आरती चुकवणाऱ्याला मोदक बंद. एकदा अध्यक्षांचाच मोदक बंद केला, केवढा गहजब झाला! पुढे आरत्या किती म्हणायच्या यावरून चार कुटुंबं भांडून वेगळी झाली आणि त्यांनी जवळच्या ब्राउनश्वाइगला आपला गणपती बसवला. आम्ही चिडलो होतो, काका खूश. "गेनाऊ! अगदी बरोबर! हे आपलं ऱ्होड आयलंड. धर्मावरून हाकललेले लोक पुढे जाऊन नवीन गाव वसवतातच."

मी एकदा चिडवलं, "काका, तुमच्या त्या लोकांनी दुसऱ्यांच्या जमिनी लाटल्या की हो."

"लाटल्याच! आणि ज्यांनी मका पेरायला शिकवलं त्यांच्याच लाटल्या. लाज नाही वाटली," असं म्हणत काका खालच्या जर्मन आजींच्या दारापुढचा बर्फ फावड्यानं ओढत होते. आपण पाहुणे आहोत, हे विसरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

स्वतः काका मात्र व्हर्जिनिया. वसुधाकाकू सांगलीला. एक हिवाळा त्या इथे राहून गेल्या. दुपारी चारला अंधार, बोलायला कोणी नाही. तशात तिकडे त्यांची आई पडली आणि काकू गेल्या त्या गेल्याच. आई अंथरुणावर, भाऊ-भावजय कानाडोळा करणारी. "या वर्षी वसुधा येते आहे," हे काका दरवर्षी सांगायचे, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो.

"तंबाखू पिकवून रग्गड पैसा केला व्हर्जिनियावाल्यांनी," मला म्हणाले एकदा, "अगं, रस्त्यातसुद्धा तंबाखू लावायचे. पण राहायचं म्हणून कोणी राहीना. शेवटी कंपनीनं जहाजं भरून मुली पाठवल्या लग्नाला, तेव्हा कुठे गाव झालं. मला तर एकच हवी आहे, आणि तीही येत नाही." मी हसले. ते नेहमीसारखेच गंभीर.

या वर्षी मात्र खरंच काकूंचं तिकीट काढलं. भावजय एकदाची आईला सांभाळायला तयार झाली होती. काकांनी स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला, मला बोलावून बोलावून दाखवला. तुर्की दुकानात कुठली डाळ आपल्या तुरीच्या जवळची, ते विचारून घेतलं. मंडळानंही ठरवलं की गणपतीच्या पूजेला यंदा काका-काकूच बसणार.

गणपतीच्या आदल्या दिवशी टपालपेटीपाशी भेटले. "वसुधा येत नाहीये. भावजयीनं हात वर केले," म्हणाले, आणि लगेच, "नारळ तूच आणणार आहेस ना?" मी आणते म्हटलं.

पूजेला गुरुजी नेहमीप्रमाणे पुण्याहून, स्क्रीनवर. काका सोवळं नेसून एकटेच पाटावर.

"यजमानीणबाई कुठे आहेत?"

"येऊ शकली नाही."

"हरकत नाही. कमरेला सुपारी खोचा. पत्नीच्या जागी सुपारी चालते."

"काका, ही बरी आहे!" मागून कोणीतरी ओरडलं, "हिला व्हिसा लागत नाही!" हॉल हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू. काकाही हसले, आणि सुपारी अगदी जपून कमरेला खोचली.

पूजा सुरू झाली. गुरुजी सवयीनं म्हणत राहिले, "पत्नीनं हाताला हात लावावा." दर वेळी काका डावा हात हळूच कमरेपाशी नेत.

त्या दिवशी त्यांनी व्हर्जिनिया काढलं नाही, ऱ्होड आयलंडही नाही. उशिरा आलेल्यांनासुद्धा मोदक वाढले. सगळं आवरल्यावर आमच्या गाडीत पुढे बसले, सोवळ्यावर जाकीट चढवून. पट्टा लावताना ते एका बाजूला सरकले, कमरेवर हात धरून.

"काका, पूजा झाली ना," मी मागून म्हटलं, "काढा आता ती सुपारी. टोचत असेल."

"असू दे गं," काका म्हणाले. "घरापर्यंत तरी येऊ दे तिला."