नाना पिशवी पाहतात

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत पोलीस चौकी नाही, पण नाना किराणावाले आहेत. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बाईला ओट्यावरूनच हाक मारतात, "काय शे माय पिशवीमा?"

समोर फारुकभाईंनी दुकान टाकलं तेव्हापासून तर नुसता ताप. आधी नाना एकटेच, ते म्हणतील तो भाव. आता एकाने साखर उतरवली की दुसरा उतरवतो, दिवसभर दोघं एकमेकांच्या पाट्या वाचत बसतात. आम्हाला बरंच की! पण नानांनी नवाच कायदा काढला, त्यांच्याकडची एक वस्तू पाहिजे तर बठ्ठं सामान त्यांच्याकडूनच घ्यायचं. आणि माझ्या छकुलीची दुधाची पावडर फक्त त्यांच्याकडे. मला दूध पुरत नाही, दुसरी पावडर दिली की पोरगी ओकते. मग काय, मुकाट्याने महागाचं तेल घ्यायची मी.

परवा मात्र हिंमत केली. तेलाची पिशवी फारुकभाईंकडून घेतली, छकुलीच्या दुपट्यात लपवली आणि मान खाली घालून निघाली.

"आज पोर जाडी दिसी राहिनी व!" नाना ओरडले. दुपटं सरकलं, तेल दिसलं. "आते पावडर बी तठेच ले!"

घरी डब्यात चमचाभर उरलेली. तशीच पळत परत फारुकभाईंकडे गेली, रडूच फुटलं.

"ताई, मी ती पावडर ठेवत नाही," ते म्हणाले. "पूर्ण कॉलनीत तुम्ही एकट्याच घेता. एका डब्यासाठी घाऊकवाला येत नाही. नाना दुपारी रिक्षा करून बाजारातून आणतात, भाडंसुद्धा सुटत नसेल. अन् जाताना मलाच सांगतात, दुकानाकडे लक्ष ठेव."

रस्ता ओलांडून नानांसमोर उभी राहिली, एका हातात पोर, एका हातात तेल, उघडंच.

नानांनी पावडरचा डबा आधीच काढून ठेवलेला होता. छकुलीला घेतलं, तराजूचं मोठं पारडं पंच्याने पुसलं, तिला त्यात बसवलं. ती हसली तर हे दुसरीकडेच पाहायला लागले.

"पोर भरनी," म्हणाले. मग तेलाकडे पाहून तोंड वाकडं केलं. "कितलाले दिन्हं त्यानी?"

मी भाव सांगितला. पाटी पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तेल तठून ले माय. पण पोरले रोज आठे आन."