रंगकारखान्याच्या जमिनीची बदली

रंगकारखाना बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण त्याच्याखालच्या चार एकर जमिनीने अजून नोकरी सोडलेली नव्हती. रोज सकाळी सातला ती कामावर हजर व्हायची. सोमवारी तांबडा, मंगळवारी निळा, बुधवारी हिरवा, असा कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे रंग तिच्या अंगावर चढायचा आणि साडेतीनला पाळी संपली की उतरायचा. नगरपालिकेने तिथे परवडणारी घरं मंजूर केली तेव्हा ठेकेदाराने पायासाठी खड्डे खणले. जमिनीने ते दुपारच्या आत बुजवून टाकले. खड्डे तिच्या कामात बसत नव्हते.

घरं मिळायची होती ती नाल्याकाठी पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बासष्ट कुटुंबांना. त्यांच्या संस्थेच्या सचिव यमुनाबाई खरमाटे. वय एक्कावन्न, काम शाळेत सहाशे मुलांची खिचडी शिजवण्याचं. सलग दोन वर्षं नाल्याचं पाणी त्यांच्या चुलीपर्यंत आलं होतं. आता चूल नाल्याकाठून हलवायचीच, असं त्यांनी ठरवलं आणि त्या नगररचना विभागात नाडगौडा साहेबांसमोर जाऊन बसल्या.

"जमिनीने राजीनामा दिलाय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग ती नोकरीत आहे. नोकरीतल्या जमिनीवर बांधता येत नाही. निवासी जमीन म्हणून नव्याने भरती करायची, तर वयोमर्यादा अडतीस. हिची नोकरीच बासष्ट वर्षांची आहे."

यमुनाबाईंनी थोडा विचार केला. "भरती नका करू साहेब. बदली करा. उद्योगातून निवासात."

नाडगौडांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून दोन पानं वाचली. "बदलीला वयाची अट नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. "पण तब्येतीचा दाखला लागेल."

तपासणीत जमिनीच्या अंगात शिसं निघालं, क्रोमियम निघालं. डॉक्टरांनी चौदा महिन्यांची वैद्यकीय रजा लिहून दिली. मूळ गावची हवा, अंगावर वाळ्याचं गवत आणि सूर्यफुलं, रोज पाणी. मूळ गाव म्हणजे नदीकाठचं धामणे. कारखाना उभा राहताना भरावाची माती तिथूनच आणली होती.

जमीन रजा घ्यायला तयार होईना. ती फक्त फोरमनचं ऐकायची, म्हणून यमुनाबाई कारखान्याचे जुने फोरमन मुजावरचाचा यांना रिक्षात घालून घेऊन आल्या. चाचा आता एक्क्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी काठी टेकली आणि विचारलं, "काय गं, रजा का घेत नाहीस?"

"मी गेले तर कारखाना बंद पडेल," जमीन म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता.

चाचा काठीला धरून खाली बसले. मग म्हणाले, "पडलाय बाई. एकोणीस वर्षं झाली. तुला सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही."

त्या दिवशी बुधवार होता. जमिनीच्या अंगावरचा हिरवा रंग अकरा वाजताच उतरला.

"मग मी इतकी वर्षं कोणासाठी येत होते?"

"ते मला नाही सांगता यायचं," यमुनाबाई म्हणाल्या. "पण इथून पुढे कोणासाठी, ते सांगते." त्यांनी पिशवीतून यादी काढली आणि उन्हात उभं राहून बासष्ट घरांतल्या माणसांची नावं एकेक करून वाचली, तान्ह्या मुलांसकट.

"अर्ज लिहा," जमीन म्हणाली.

ती सोमवारी पहाटे निघाली. बायपासवरची वाहनं पोलिसांनी चाळीस मिनिटं थांबवून धरली. तिच्या जागी चार एकरांचा नऊ फूट खोल खड्डा उरला. संस्थेने त्याच्याभोवती दोरी बांधली.

पाचव्या महिन्यात कटारे नावाच्या बिल्डरने अर्ज केला. त्याच्याकडे खाणीतला मुरूम तयार होता, ताबडतोब रुजू होऊ शकत होता. त्याला तिथे बाजारसंकुल बांधायचं होतं.

"सहा महिन्यांच्या वर पद रिकामं ठेवता येत नाही," नाडगौडा म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

"प्रभारी कोणी असेल तर?"

"तर पद रिकामं धरत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून बासष्ट कुटुंबांनी जमिनीचा प्रभार घेतला. आठ आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या. पाळीवरची माणसं खड्ड्यात उतरून जमीन म्हणून उभी राहायची आणि सुटताना हजेरीपटावर सही करायची. काम सोपं नव्हतं. पोटऱ्या भरून यायच्या. शिवाय जमिनीने सारखं बोलायचं नसतं, हे बायकांना आणि पुरुषांना सारखंच जड गेलं. यमुनाबाई खिचडी उरकून दुपारच्या पाळीला यायच्या. एकही पाळी त्यांनी चुकवली नाही.

एकदा कटारेचा मुरूम भरलेला ट्रक खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं.

"इथे जमीन हजर आहे," यमुनाबाई खालून म्हणाल्या.

ड्रायव्हरने नीट बघितलं. जमीन खरोखरच हजर होती. त्याने ट्रक मागे घेतला.

रजेचा तेरावा महिना लागला तरी धामण्याहून काही निरोप नव्हता. यमुनाबाईंनी एका रविवारी पाळी बदलून घेतली आणि त्या एसटीने निघाल्या. जमीन नदीकाठी पसरलेली होती. सूर्यफुलं कापून झाली होती, वाळ्याचे जुडगे बाजूला बांधून ठेवले होते. मातीचा रंग मातीसारखा दिसत होता. यमुनाबाई चपला काढून तिच्यावर बसल्या.

"बरं वाटतंय?"

"बरं वाटतंय. इथे कोणी माझ्यावर काही ठेवत नाही." जमीन म्हणाली, "परत येववत नाही, बाई."

यमुनाबाईंनी आवाज हलू दिला नाही. "खोटं कशाला सांगू? आम्ही ठेवणार. बासष्ट संसार, एक दवाखाना, बालवाडी, लग्नाबारशाला हॉल. वजन होईल तुला."

"किती दिवसांसाठी?"

"किती दिवसांसाठी म्हणजे? कायम."

काठाचे दोन-चार खडे नदीत गडगडले.

"कायम?" ती म्हणाली. "कंपनीने मला कधी कायम केलंच नव्हतं. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे."

"मी लेखी देते," यमुनाबाई म्हणाल्या आणि तिथेच, मांडीवर कागद ठेवून, त्यांनी लिहून दिलं.

रजा संपायला अकरा दिवस बाकी असताना जमीन कामावर रुजू झाली. प्रभारी पाळीवरची माणसं एकमेकांना हात देत वर आली आणि ती खड्ड्यात अलगद बसली. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला. ठेकेदाराने पायाचे खड्डे खणले ते या वेळी तसेच राहिले. उलट एका कोपऱ्यात कडा ढासळायला लागली तेव्हा जमिनीने ती स्वतःच धरून ठेवली. पावसाळ्याच्या आधी तीन इमारतींचे पाये भरून झाले, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी यमुनाबाईंची चूल दुसऱ्या मजल्यावर गेली.

जमीन रुजू झाली त्या दिवशीची एक गोष्ट मात्र कागदावर आणावी लागली. मोजणी करताना नाडगौडांची टेप चार एकर होऊनही संपेना. पूर्वेच्या बाजूला अडीच गुंठे जादा भरले.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"धाकटी बहीण," जमीन म्हणाली. "माझ्यामागून चालत आली. हिला गावात काही काम नाही."

नाडगौडांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाईंनी त्या अडीच गुंठ्यांकडे पाहिलं. त्यांवर कोवळं गवत होतं आणि ते जागेवर स्थिर राहत नव्हते.

"बालवाडीला अंगण नाहीये साहेब," त्या म्हणाल्या.

अंगणाला जागा द्यायला शेजारचा रस्ता थोडा सरकला. नाडगौडांनी नवा फॉर्म काढला, पदाच्या रकान्यात 'अंगण' असं लिहिलं आणि पेन पुढच्या रकान्यावर आणलं.

"वय?"

"अजून लहान आहे," जमीन म्हणाली. नाडगौडांनी तसंच लिहून घेतलं.