खाऱ्या पाण्याची जीप

रंभाला धाटावच्या कंपनीतल्या मुलाखतीला एस्टीनं पाठवायचं नाही, आपल्या जीपनंच न्यायचं, एवढंच तिच्या बापानं, कमळाकरनं ठरवलं. (वडीलमाणसं ‘एवढंच’ म्हणून जे ठरवतात, ते घरातल्या पोरींना निस्तरावं लागतं.)

रंभा केमिस्ट्रीची बी. एस्सी. कंपनीच्या लॅबमध्ये जागा एकच. ती हुकली की पाहुणे बघायला येणार, हे तिची आई सगुणा भाकरी थापता थापता रोज ऐकवत होती.

जीप मिलिटरीच्या लिलावातली, वयानं रंभाहून मोठी. तिला एकच व्यसन, पाण्याचं. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, तर संध्याकाळी अर्धा. जमिनीवर मात्र थेंब नाही.

“मेकॅनिकला दाखव,” रंभा म्हणाली.

“त्याला काय कळतंय? पाणी कळायला मिठागरात जन्मावं लागतं.”

कमळाकर जन्मला होता मिठागरातच. त्यानं विचार केला, गोडं पाणी वाळलं की माग राहत नाही, खारं वाळलं की मीठ राहतं. मग रेडिएटरात खाडीचंच पाणी घातलं, तर गळती आपणहून पांढरी खूण करील! (युक्ती हुशारीचीच होती. वडीलमाणसांचा खरा धोका हाच, की ती अधूनमधून हुशार असतात.)

त्यानं धरमतरच्या खाडीतून कळशी भरून आणली आणि घरात सांगितलं, विहिरीचं पाणी आहे. आठवडाभरात खालच्या होजवर मिठाची रेघ उमटली. क्लिप आवळली, गळती थांबली. खारं पाणी काढून टाकणं तेवढं राहिलं. चाललंय ना, मग कशाला छेडा?

मुलाखतीच्या सकाळी पेण सोडेपर्यंत इंजिनाच्या तापमानाचा काटा गुणी बाळासारखा बसून होता. नागोठणं जवळ आलं तसा उठला. कमळाकर एकदा काट्याकडे बघे, एकदा रंभाच्या घड्याळाकडे. दोन्ही पुढेच चाललेले.

“बाबा, काटा लालात गेलाय.”

“चढ हाय ना.”

“चढ कुठाय? सपाट भातशेती आहे!”

तेवढ्यात बॉनेट फुस्सकन फुसकारलं. पुढची काच केव्हाच गेलेली होती, त्यामुळे कोमट तुषार थेट रंभाच्या तोंडावर आणि नव्या साडीवर. जीप थांबली. रंभानं ओठांवरून जीभ फिरवली.

“बाबा.”

“काय गो?”

“वाफ खारट कशी?”

कमळाकरला एकाएकी समोरच्या भातात फार रस वाटू लागला.

“घाम असंल.”

“कुणाचा? जीपचा?”

बॉनेट उघडलं, तर रेडिएटर झारीसारखा गळत होता. इतकी वर्षं आतल्या गंजानंच भोकं बुजवून धरली होती. खाऱ्या पाण्यानं तो गंज सोडवला आणि सगळी भोकं एकदम मोकळी झाली.

इतक्यात शेजारचा रघू मोटरसायकलवरून धाटावला शिफ्टला जाताना दिसला. रंभा पदर खोचून मागे बसलीसुद्धा.

“थांब गो, पलीकडून पाणी आणतो, लगेच—”

“पाणी आणू नकोस! कसलंच पाणी आणू नकोस!”

ती गेली. कमळाकर मडगार्डवर बसला. पहाटे अंधारात, चपला हातात घेऊन, चिखलातून कॉलेजची बस गाठणारी पोर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. नोकरी हुकली, तर ती एकदाच ‘बाबा’ म्हणेल आणि पुन्हा कधी हाकच मारणार नाही, असं त्याला वाटू लागलं. कुठंतरी धडधड ऐकू येत होती. (इंजिन बंद होतं, तेव्हा ती त्याचीच.)

शेवटी पेणजवळच्या जोह्याहून कच्च्या गणेशमूर्ती घेऊन रोह्याला निघालेल्या टेम्पोनं जीप दोरानं ओढली. साऱ्या मूर्ती मागे तोंड करून कमळाकरसमोर बसलेल्या. डोळे रेखायचे बाकी होते, तेवढीच अब्रू वाचली.

टेम्पोवाल्यानं कीव करून त्याला धाटावपर्यंत आणून सोडलं. गेटावर रंभा उभी होती. भुवयांवर मीठ.

“काय झालं गो?”

“लागली. सोमवारपासून.”

त्यानं आधी आकाशाला हात जोडले, मग कॉलर नीट केली.

“बोललेलो ना, जीपनं बरं! काय इचारलं?”

“खाऱ्या पाण्यानं धातूची झीज कशी होते. मी बोलतच सुटले. थांबेचना.”

“बघ! कुणामुळं आलं ते?”

“मग साहेबांनी विचारलं, झीज टाळायला पहिली खबरदारी कोणती घ्याल?”

“मग?”

“म्हटलं, बाबांना गाडीपासून लांब ठेवीन.”

“हसलं असतील सायेब.”

“नाही. लिहून घेतलं.”